‘आढ्य’ रोगी कोणी करावयाचा?
शासकीय खर्चाची आरोग्यसेवा : अमेरिकेतील वाद आणि आपला बाह्यरुग्ण

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले आहेत. प्रत्येक पादाचे चार गुणही आपणांस ठाऊक आहेत. मात्र रोग्याचे गुण सांगताना संहिताकारांमध्ये एक भेद आहे व त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वाग्भटाचार्य रोगी ‘आढ्य’ असावा असे म्हणतात. सुश्रुताचार्यांच्या यादीत ‘द्रव्यवान’ हा शब्द येतो. चरकाचार्य मात्र स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व एवढेच चार गुण सांगतात, त्यांत धनाचा उल्लेख नाही. इतकेच नव्हे, तर सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात शोधनासाठी लागणारे गृह, परिचारक, द्रव्ये व उपकरणे यांची विस्तृत यादी दिल्यावर ते स्वतःच स्पष्ट करतात की, हा संभार राजे व धनिकच जमवू शकतात. सर्व साधने सर्वांजवळ नसतात, परंतु दारुण व्याधी दरिद्री माणसालाही होतात. म्हणून त्याने शक्य त्या साधनांनी का होईना, शोधन करून घ्यावे असा त्यांचा आदेश आहे.

रोगी आढ्य नसेल, तर त्याच्या उपचाराचे द्रव्य कोणी पुरवावे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रात गेली ऐंशी वर्षे याच प्रश्नावर वाद चालू आहे. हा वाद दूरचा आहे असे समजून आपण वृत्तपत्राचे पान उलटतो. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर बसलेला असतो. प्रस्तुत लेखात तो वाद थोडक्यात मांडून वैद्य व औषधनिर्माते या नात्याने आपण त्यातून काय घ्यावे, याचा विचार केला आहे.

एकाच बाकावरचे चार रुग्ण

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझे चिकित्सालय आहे. एका सकाळी बाकावर चार रुग्ण शेजारी शेजारी बसले होते. पहिले गृहस्थ ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यांना केंद्र सरकारच्या योजनेचा आधार. दुसरा औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात काम करणारा, त्याच्या खिशात कामगार विम्याचे कार्ड. तिसरी उल्हासनगरहून आलेली शिवणकाम करणारी स्त्री, तिच्याजवळ केशरी शिधापत्रिका. चौथा बदलापूरचा तरुण, त्याच्या कंपनीने खाजगी विमा काढलेला. चौघांचीही तक्रार कटिशूलाची होती. परंतु प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च कोण देणार, कशासाठी देणार आणि कशासाठी देणार नाही, याची उत्तरे चार प्रकारची होती. माझ्याकडच्या औषधासाठी मात्र चौघांनाही स्वतःच्याच खिशात हात घालावा लागला.

अमेरिकेतील व्यवस्था नेमकी अशीच तुकड्या-तुकड्यांची आहे. माजी सैनिकांस एक व्यवस्था, ६५ वर्षांवरील वृद्धांस ‘मेडिकेअर’, गरिबांस ‘मेडिकेड’, नोकरदारांस मालकाने काढलेला विमा, आणि उरलेल्यांनी बाजारातून विमा घ्यावयाचा.

अमेरिकेतील वाद कसा वाढला

आजारपणाचा सक्तीचा विमा ही कल्पना जर्मनीत बिस्मार्क यांनी १८८३ साली कायद्यात आणली. इंग्लंडने ५ जुलै १९४८ पासून सर्व नागरिकांसाठी करातून चालणारी आरोग्यसेवा सुरू केली. अमेरिकेची वाट निराळी झाली, आणि ती बऱ्याच अंशी योगायोगाने झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तेथे वेतनवाढीवर निर्बंध आले. पगार वाढवता येईना, म्हणून कारखानदारांनी कामगारांस आरोग्यविम्याचे आमिष दाखवले. पुढे १९५४ साली मालकाने भरलेल्या विमाहप्त्यास करातून सूट असल्याचे कायद्याने निश्चित झाले. अशा रीतीने उपचार नोकरीला बांधला गेला. नोकरी गेली की उपचारही गेला.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचविला. त्यास सर्वांत कडवा विरोध केला तो तेथील डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने. सरकारने पैसे दिले की सरकार आमच्या लेखणीवर बसेल, रुग्णाचे निवडस्वातंत्र्य जाईल, असा तिचा युक्तिवाद होता. १९६१ साली तर या संघटनेने पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अभिनेते रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका काढली आणि डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीस बोलावून ती ऐकवावी, अशी मोहीम चालवली. तरीही ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेडच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तोपर्यंत वृद्ध झालेले ट्रूमन त्या समारंभास उपस्थित होते व मेडिकेअरचे पहिले कार्ड त्यांनाच देण्यात आले. ज्या डॉक्टरांनी विरोध केला होता, त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग पुढे याच योजनेतून येऊ लागला.

२३ मार्च २०१० रोजी ओबामा यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने पूर्वीपासून रोग असलेल्या व्यक्तीस विमा नाकारण्यास बंदी केली आणि मेडिकेडची व्याप्ती वाढवली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ राज्यांच्या मर्जीवर सोपवली. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या अनेक प्रौढ लाभार्थ्यांवर महिन्यास ८० तास काम अथवा तत्सम उपक्रमाची अट घातली. विमाहप्त्यांवरील अनुदान चालू ठेवावे की नाही, या वादापायी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस अंशतः बंद राहिले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. विरोधक म्हणतात, करदात्यावर बोजा पडतो, शासन ठरवील तोच दर व तोच उपचार घ्यावा लागतो. समर्थक म्हणतात, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ ते १८ टक्के आरोग्यावर खर्च करूनही जेथे कोट्यवधी लोक विम्याविना राहतात, तेथे बाजाराने काय साधले? आपल्या दृष्टीने या गदारोळात एक मुद्दा मात्र सर्वांत बोधप्रद आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

चाळीस वर्षांचा विलंब

१९६५ सालच्या मेडिकेअरने वृद्धांच्या रुग्णालयाचा खर्च उचलला, डॉक्टरांची फीही उचलली. परंतु वृद्धाने औषधाच्या दुकानातून घेऊन घरी रोज घ्यावयाच्या गोळीचा खर्च उचलला नाही. ती तरतूद करणारा कायदा डिसेंबर २००३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. म्हणजे हृदयविकाराचा झटका आल्यावर लाखोंचे बिल देणारी योजना, तो झटका टाळणाऱ्या गोळीचे पैसे मात्र चाळीस वर्षे देत नव्हती. इन्सुलिनवर रुग्णाने महिन्यास ३५ डॉलरपेक्षा अधिक भरू नये, ही मर्यादा मेडिकेअरमध्ये येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

शासकीय पैसा प्रथम रुग्णालयाकडे जातो व बाह्यरुग्णाकडे सर्वांत शेवटी पोहोचतो. कारण रुग्णालयाचे बिल एकदाच येते, मोठे असते आणि मोजता येते. रोजची गोळी, रोजचा काढा, पथ्य व पाठपुरावा हे लहान असते, अखंड चालते आणि कोणाच्याच वहीत नीट लिहिलेले नसते. आपला, म्हणजे वैद्यांचा, नव्वद टक्के व्यवहार याच दुसऱ्या गटात मोडतो.

आमच्या गावचा कामगार विमा

आपल्याकडेही १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असे तत्त्व मांडले होते. त्याच समितीने देशी वैद्यकाचे मूल्यमापन करण्यास आपण असमर्थ आहोत असे सांगून आपला प्रश्न प्रांतांवर सोपवला, हेही आपण विसरू नये. प्रत्यक्षात जे प्रथम उभे राहिले ते अमेरिकेसारखेच नोकरीला बांधलेले होते. १९४८ च्या कायद्यान्वये कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ साली मुंबईस आली. मुंबईत खाजगी डॉक्टरांना ‘पॅनेल’वर घेऊन, नोंदलेल्या कामगारांच्या संख्येनुसार मानधन देण्याची पद्धत अवलंबिली गेली. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे.

या योजनेचे मोल कमी लेखू नये. तीत रुग्णालयाबरोबर बाह्यरुग्ण सेवा व औषधेही मिळतात, आजारपणाच्या रजेचा मोबदला मिळतो, कुटुंबालाही लाभ मिळतो. जुलै २०१९ पासून वर्गणी मालकाची ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के इतकी खाली आली. अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात कित्येक घरे या कार्डावर उभी राहिली. परंतु कारखाना आहे तोवर कार्ड आहे, हा तिचा पाया आहे.

दुसरी व्यवस्था रुग्णालयाची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून आपल्या ठाणे जिल्ह्यासह सर्व राज्यात लागू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची ‘आयुष्मान भारत’ योजना आली व पुढे दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने कुटुंबामागे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले व शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही त्यात घेतले. हे पाऊल मोठे आहे. तथापि योजना मूलतः दाखल रुग्णाची आहे. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ जोडलेला आहे. सोळाव्या दिवसापासून रुग्ण पुन्हा आपल्या बाकावर येतो.

एका पायाची कथा

या दोन व्यवस्थांच्या फटीत काय घडते, ते माझ्या एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. येथील एका कारखान्यात वीस वर्षे काढलेला हा कामगार मधुमेहाच्या गोळ्या कामगार विमा दवाखान्यातून घेत असे आणि पायांच्या दाह-सुप्तीसाठी माझ्याकडे येत असे. पथ्य पाळणारा, सांगितलेले लक्षात ठेवणारा, चरकोक्त चारही गुणांनी युक्त असा तो रोगी होता. २०१४ च्या सुमारास कारखाना आवरता घेतला गेला व त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. काही महिन्यांनी कार्ड थांबले. मिळालेली रक्कम मुलीच्या लग्नात व घराच्या हप्त्यांत गेली. प्रथम गोळ्या एक दिवसाआड झाल्या, मग थांबल्या. माझ्याकडील औषधाची थोडी उधारी झाली होती, त्या संकोचाने त्याने येणेही सोडले. तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जात असेल असे मी गृहीत धरले.

२०१८ साली तो कुबड्यांवर आला. अंगठ्यास झालेली लहानशी जखम चिघळून कोथ झाला होता व गुडघ्याखाली पाय काढावा लागला होता. शस्त्रकर्म केशरी शिधापत्रिकेवर, एक रुपयाही न देता झाले. तो शांतपणे म्हणाला, “वैद्यसाहेब, पाय राखायला कुणी पैसे देईना, कापायला मात्र कार्ड चाललं.”

त्या शस्त्रकर्माने त्याचे प्राण वाचवले, हे नि:संशय. म्हणून योजनेला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. दोष रचनेतील फटीचा आहे, आणि काही अंशी माझाही आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त अथवा स्वेच्छानिवृत्त झालेल्या कामगारास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती अथवा पत्नीसाठी कामगार विम्याची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, ही तरतूद मला नंतर कळली. त्याला ती कोणी सांगितली नव्हती. मीही सांगितली नाही, कारण मला ठाऊक नव्हती. उपस्थात्याचे व भिषजाचे काम द्रव्य देण्याने संपत नाही, हा धडा मला त्या पायाने शिकवला.

यादीत नाव कसे येते

शासन पैसे देऊ लागले की ‘कशासाठी’ याची यादी होते, आणि ती यादीच पुढे चिकित्सा ठरवू लागते. मेडिकेअरने १९८३ साली रोगगटानुसार रुग्णालयास ठरीव रक्कम देण्याची पद्धत आणली. आपल्याकडील पॅकेजे त्याच जातीची आहेत. यादीत जे नाही, ते शास्त्रात असले तरी व्यवहारात नाहीसे होऊ लागते.

अमेरिकेत पारंपरिक वैद्यक या यादीत कसे शिरले, हे पाहण्यासारखे आहे. मेडिकेअरने २१ जानेवारी २०२० पासून ॲक्युपंक्चरचा खर्च देण्याचे मान्य केले. परंतु संपूर्ण शास्त्राला नव्हे, तर केवळ जीर्ण कटिशूलासाठी. ९० दिवसांत १२ बैठका, सुधारणा दिसल्यास आणखी ८, वर्षात २० हून अधिक नाहीत, आणि सुधारणा नसल्यास उपचार बंद. आयुर्वेदास तेथे कोणत्याही राज्यात परवाना नाही, त्यामुळे तो दारातही पोहोचलेला नाही. आमचे शास्त्र पाच हजार वर्षांचे आहे, या विधानाने कोणत्याही देशाच्या यादीत नाव चढत नाही. एक व्याधी, एक उपक्रम, मोजलेले फळ व ठरलेली मर्यादा यांनीच चढते.

असे उदाहरण आपल्याजवळ नाही काय? भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बहुकेंद्री चाचणी केली व तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. व्रण भरण्यास क्षारसूत्राने सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. परंतु पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रकर्मात ११ टक्के आढळला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, क्षारसूत्र हे बहुधा बाह्यरुग्ण विभागात, दर आठवड्यास सूत्र बदलून करावयाचे कर्म आहे. ‘दाखल’ या अटीच्या साच्यात त्याचे खरे बलस्थान बसतच नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ च्या नियमांत आयुष उपचारांस प्रथम वाव दिला व १ एप्रिल २०२४ पासून ते इतर उपचारांच्या बरोबरीने मानावेत असे विमा कंपन्यांना सांगितले. हे स्वागतार्ह आहे. परंतु येथेही मोह आहे. घरी राहून होणाऱ्या उपचारासाठी रुग्णास विम्यापुरते दाखल करून घेण्याची प्रथा आपल्यात शिरली, तर काही वर्षांतच हे दार आपल्याच हातांनी बंद होईल.

आपण काय मागावे, काय द्यावे

अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने वीस वर्षे केवळ ‘नको’ म्हटले. आपल्या संघटना बहुधा केवळ ‘आम्हालाही द्या’ म्हणतात. या दोहोंच्या मध्ये एक प्रौढ भूमिका असू शकते. ती पुढीलप्रमाणे सुचवावीशी वाटते.

१. मागणी बाह्यरुग्णाची असावी. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उरलेल्या भारात औषधांचा वाटा मोठा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले. परंतु रोजंदारीवरील रुग्णास त्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. पॅनेल पद्धतीप्रमाणे नोंदणीकृत वैद्यास दरडोई मानधन देऊन जीर्ण रोगांचा पाठपुरावा सोपवणे अशक्य नाही.

२. यादी छोटी असावी. भगंदर, अर्श, संधिगतवात, कटिशूल अशा चार-सहा व्याधींपासून आरंभ करावा. प्रमेहात स्वतंत्र चिकित्सेचा आग्रह न धरता, चालू औषधांसह पथ्य, पादपरीक्षण व पाठपुरावा हे काम मागावे.

३. नोंद द्यावी. नाव, निदान, औषधाची मात्रा, रक्तशर्करा, पुढील भेटीची तारीख व परिणाम एवढे तरी प्रत्येक केसपेपरवर असावे. आयुर्वेदीय निदानांच्या संज्ञा १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात समाविष्ट झाल्या आहेत. ‘आमच्या निदानाला संकेतांक नाही’ ही सबब आता उरलेली नाही.

४. तपासणीस मान्यता द्यावी. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक हिशेब दिला पाहिजे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी दोन शब्द. शासन मोठा ग्राहक झाले की दर खाली ओढते. मेडिकेअरला औषधकंपन्यांशी दरांबाबत वाटाघाटी करण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्याने मिळाला आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. आपल्याकडे निविदेतील नीचतम दर व विलंबाने मिळणारी देयके यांचा अनुभव अनेकांना असेल. लहान फार्मसीने एकट्याने त्या शर्यतीत उतरल्यास गुग्गुळाची प्रत घसरते, आणि मग अपयश औषधाच्या नव्हे तर शास्त्राच्या नावे लिहिले जाते. म्हणून ‘शेड्यूल टी’ची पूर्तता, प्रत्येक बॅचची चाचणी आणि काही फार्मसींनी एकत्र येऊन कच्च्या द्रव्याची खरेदी व निविदा भरणे, याचा विचार आताच व्हावा. दरापूर्वी दर्जाची अट निविदेत असावी, ही मागणी वैद्य व निर्माते यांनी मिळून करावी.

शासन काय करील ते करील. परंतु एक काम उद्यापासून होण्यासारखे आहे. आपल्या चिकित्सालयाच्या अथवा दुकानाच्या भिंतीवर एक कागद लावावा : कोणत्या शिधापत्रिकेवर कोणता लाभ, निवृत्त कामगाराने १२० रुपये भरून काय मिळवावे, जवळचे नि:शुल्क रुग्णालय कोणते. लावण्यापूर्वी स्थानिक कार्यालयातून चालू नियम पडताळून घ्यावेत. आणि नियमित येणारा मधुमेही दोन महिने दिसला नाही, तर त्याला एक फोन करावा. उधारीचा विषय त्या फोनवर काढू नये.

माझ्या चिकित्सालयात हा कागद २०१८ पासून आहे. तो कुबड्यांवर येणारा गृहस्थ आता नव्या रुग्णांना तो वाचून दाखवतो.